सत्राच्या मध्येच आलेला गठ्ठा

बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाच्या जरा अलीकडे, जब्बारशेठचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळी, फळीमागे एक माणूस आणि त्या माणसाच्या डोक्यावर छतापर्यंत रचलेलं इंजिनिअरिंग. नव्वदीच्या त्या वर्षांत जिकडेतिकडे इंजिनिअरिंगची कॉलेजं निघाली होती आणि ज्याला बघावं तो आपल्या लेकराला इंजिनिअर करायला निघाला होता. लेकराला विचारलं होतं का, हा प्रश्न कुणी विचारत नसे. जब्बारशेठचं बरं चाललं होतं.

शेठचा एक नियम होता आणि अख्ख्या चौकात तो त्यांचा एकट्याचाच होता. परीक्षा झाल्यावर पुस्तकं विकायला येतात, ती गोष्ट निराळी. पण सत्र चालू असताना कुणी चालू वर्षाची पुस्तकं घेऊन आला, की शेठ समजून जायचे, हा कॉलेज सोडतोय. मग ते लगेच सौदा करायचे नाहीत. गठ्ठा सुतळीने बांधून माळ्यावर ठेवायचे आणि सांगायचे, "पुढच्या आठवड्यात या. मन बदललं तर गठ्ठा न्या, नाही बदललं तर पैसे न्या." का सोडतोस, हे विचारायचं नाही. उपदेश करायचा नाही. शेजारचे दुकानदार हसायचे, "जब्बारशेठ, दुकान चालवता की धर्मशाळा?" शेठ म्हणायचे, "दुकानच. म्हणून तर फुकट सल्ला देत नाही."

बरेच जण गठ्ठा परत न्यायला यायचे. काही पैसे न्यायला यायचे. शेठना दोन्हींचं सुखदुःख नसे. लोकांची पोरं, लोकांची काळजी!

आणि मग त्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, भर दुपारी, फळीपुढे ही गर्दी असताना, रांगेत त्यांची स्वतःची मुलगी येऊन उभी राहिली.

कमरजहां. इलेक्ट्रॉनिक्सचं तिसरं वर्ष. घोरपडे पेठेतल्या त्यांच्या गल्लीतून इंजिनिअरिंगला गेलेली पहिली मुलगी. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस चौकात शोधूनही सापडला नसता, कारण शेठ ती चहावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते. तिची पुस्तकं ते स्वतः निवडायचे. ढीग उपसून, कमीत कमी खुणा असलेली, बांधणी न सुटलेली प्रत काढायची आणि घरी नेताना वर्तमानपत्रात छान गुंडाळायची. गिऱ्हाइकाला या माणसाने आयुष्यात कधी काही गुंडाळून दिलं नव्हतं हो!

घरी बापलेक दखनी उर्दूत बोलत. इथे फळीपुढे ती चौकातल्या मराठीत बोलली, चारचौघांसारखी.

"ही पुस्तकं द्यायची आहेत."

शेठनी वरचं पुस्तक पाहिलं. त्यांनीच निवडलेलं. "कुणाची आहेत?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. इतका बावळट प्रश्न त्यांनी उभ्या जन्मात विचारला नसेल.

"माझी. चालू वर्षाची आहेत. नियम ठाऊक आहे मला. माळ्यावर ठेवा, मी पुढच्या आठवड्यात येते."

आणि गेलीसुद्धा! शेठ फळीला धरून तसेच उभे. रांगेतला पुढचा मुलगा दोनदा पुस्तकाचं नाव सांगून कंटाळला.

आधी शेठना राग आला. घरी बोलायला तोंड नव्हतं का हिला? मग हळूहळू उजेड पडला. घरी त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं, चार नातेवाईक बोलावले असते, स्वतःच्या छातीत दुखवून घेतलं असतं. फळीमागे मात्र त्यांना यातलं काहीच करता येणार नव्हतं. पोरीने जागा बरोबर हेरली होती. भर गर्दीत बापापुढे असं उभं राहायचं म्हणजे छाती लागते, हे शेठना रागातसुद्धा कबूल करावं लागलं.

रात्रीची जेवणं झाली. मुलगी आत गेल्यावर शेठच्या बायको सुगराबी म्हणाल्या, "विचारत का नाही तिला?"

"दुकानाचा नियम आहे."

"मग घरात कशाला मांडलंय दुकान?" सुगराबींनी ताटं उचलली. "मी बघतेय ना वर्षभर. पोरगी अभ्यास करते, पहिला वर्ग आणते आणि निकालाच्या दिवशी जेवत नाही."

शेठनी कसाबसा दम धरला, पण आठवडा काही पुरा निघेना. शेवटी एके दिवशी ते माळ्यावर चढले, गठ्ठा खाली काढला, सुतळी सोडली, पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घरी नेऊन गुपचूप तिच्या टेबलावर ठेवली. का, तर बिचारीला चारचौघांत परत न्यायला लाज वाटेल! अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. माणूस स्वतःला फसवायला लागला, की किती मायाळू होतो बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमरजहां पुन्हा रांगेत. तीच पुस्तकं, तोच कागद.

"अब्बा, हे घरी कुणी आणलं?"

"मीच. म्हटलं, तुला न्यायला संकोच..."

"आजवर किती जणांचे गठ्ठे घरपोच केलेत?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. शेठचा चेहरा लाल झाला. नियम मोडलाच होता, मग राहिलेलाही मोडला. "का सोडतेस?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या वर्षापर्यंत गणित होतं," ती म्हणाली. "ते संपलं. आता जे उरलंय ते मला येतं, पण नको वाटतं. सकाळी कॉलेजच्या फाटकाशी पोचले की आत जायच्या आधी रस्त्यावर दोन चकरा मारते. नापास होत असते तर सोपं होतं, त्यांनीच काढलं असतं. पास होते, म्हणून मलाच निघायला हवं."

"आणि पुढे?"

"बी.एस्सी. गणित घेऊन. जूनपासून. माझ्याहून लहान मुलींच्या वर्गात बसावं लागेल. बसेन."

"आणि लोक? लोकांना काय सांगू मी?"

"लोकांना तुम्ही सांगितलं होतं, अब्बा. मी नव्हतं सांगितलं."

तिचा आवाज चढला नव्हता. ओठ मात्र घट्ट मिटलेले. शेठ बघतच राहिले. ज्या मुलीला आपण पुस्तकं गुंडाळून देत होतो, ती ही? इतकं सरळ बोलणं यांच्या घराण्यात कुणाला जमलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

त्यांनी कागद सोडला. सुतळी घेतली, पुन्हा गाठ मारली, आणि शिडी चढून गठ्ठा माळ्यावर ठेवला.

"आठवडा आजपासून," ते म्हणाले. "या पुढच्या आठवड्यात."

त्या आठवड्यात शेठनी घरी चकार शब्द काढला नाही. काय कष्ट पडले असतील ते त्यांचं त्यांना माहीत. आणि गंमत बघा, पोरगी रोज सकाळी कॉलेजला जात होती. प्रॅक्टिकल चुकवलं नाही, तास बुडवला नाही. सुगराबींनी विचारलंच, सोडणार आहेस तर जातेस कशाला? "कंटाळा आला म्हणून सोडलं, असं मला नंतर वाटायला नको," ती म्हणाली. शेठ भिंतीपलीकडून ऐकत होते. पोरगी आपल्यापेक्षा मोठी झाली, असं त्यांना वाटलं, आणि कुणाला तरी सांगावंसंही वाटलं. पण यावेळी सांगायला गेले नाहीत.

ठरल्या दिवशी ती आली. तिच्या आधी रांगेत मांजरी गावाहून आलेली एक बाई होती, तुळजाबाई. डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"इलेक्ट्रॉनिकची पुस्तकं हायत का? तिसऱ्या वर्षाची. माझ्या पोरीला कालिजातनं सवड न्हाई, म्हणून मीच आले."

शेठनी कमरजहांकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान डोलावली. गठ्ठा खाली आला.

"नवीकोरी दिसत्यात," तुळजाबाई खूश झाली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "पास झालेल्याची हायत नव्हं? नापासाची नगं बया."

हा प्रश्न चौकात रोज शंभर वेळा विचारला जाई आणि गठ्ठ्याकडे न बघता प्रत्येक दुकानदार म्हणे, पहिल्या वर्गाची आहेत. शेठना तर आज खोटंही बोलावं लागणार नव्हतं. एवढं म्हणून गप्प बसले असते, तर गठ्ठा गेला असता आणि अब्रूही राहिली असती. शेजारच्या दोन्ही दुकानांतले कान इकडेच होते.

"पहिल्या वर्गाची आहेत," शेठ म्हणाले, आणि थांबले नाहीत. "पण तिने सोडलं. माझ्याच मुलीची आहेत. ही काय, तुमच्या मागे उभी आहे."

तुळजाबाईने वळून कमरजहांला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जमंना व्हय गं?"

"जमत होतं, मावशी. आवडत नव्हतं."

"आता गं!" तुळजाबाई शेठकडे वळली. "आवडत नव्हतं, तर घातली कशापायी?"

"मला आवडत होतं म्हणून," शेठ म्हणाले. चांगले मोठ्याने म्हणाले, शेजारच्यांना ऐकू जाईल असं.

तुळजाबाईचा हात गठ्ठ्यावर होता, तो तिने काढून घेतला. रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

"ऱ्हाऊ द्या आज," ती म्हणाली. "आधी घरी जाऊन माझ्या पोरीला इचारते."