मागे फिरलेला कागद

आप्पांनी आणखी एक कागद चुरगाळून बादलीत टाकला. पुन्हा तेच. काळ्याकुट्ट कागदावर एक पांढरा डाग.

बायको गेली तेव्हा तिचं एकच काम अर्धं राहिलं होतं. फोटोच्या कागदावर तिने ब्रशने वार्निश फिरवून ठेवलं होतं. तो द्रावणात घालायला ती उरली नाही. कॅमेरा नाही, निगेटिव्ह नाही, अंधारसुद्धा नाही. कागद, वार्निश आणि दोन ट्रे, एवढ्यावर ती खोडातल्या वलयांसारख्या बारीक रेघा काढायची. तो शेवटचा कागद आप्पांना पुरा करायचा होता. एकच होता, म्हणून आधी दुसऱ्या कागदांवर हात बसवणं चाललं होतं, आणि हात काही बसत नव्हता.

खरं तर स्टुडिओतले फोटो धुता धुता आप्पांचे केस पांढरे झाले होते. तिने कोपऱ्यात ट्रे मांडले की ते म्हणायचे, “झाली सुरू कागदांची नासाडी!”

“नासाडी करायलाही हात लागतो, साहेब,” ती म्हणायची. ते तणतणत बाहेर जायचे. त्यामुळे ती नेमकं काय करते, हे त्यांनी कधी धड पाहिलंच नाही.

लेक दारात आली. “आप्पा, चला जेवायला.”

“जेवण काही पळून जात नाही.”

“मग कागद कुठे पळतोय?”

आप्पांनी वार्निश लावलेला नवा कागद पहिल्या ट्रेतल्या डेव्हलपरमध्ये घातला. उघडा भाग काळा झाला. मग दुसऱ्या ट्रेतल्या फिक्सरमध्ये घातला. वार्निश सुटलं आणि खालचा भाग पांढरा पडला. संपलं.

“परत पहिल्यात का नाही घातलात?” लेक म्हणाली. “आई वार्निश पुरतं सुटूच द्यायची नाही. जरा यात, जरा त्यात. कड थोडी थोडी सुटायची, आणि दर वेळी एक नवी रेघ.”

“फिक्सरमधला कागद डेव्हलपरमध्ये?” आप्पा उसळले. “अगं, द्रावण मरतं त्याने! एवढ्यासाठी कामावरच्या पोरांचे कान पिळलेत मी!”

“मग काढत बसा डाग.”

आप्पांनी बायकोचा तो शेवटचा कागद पेटीतून काढला.

“आधी साध्यावर बघा ना करून!”

“थांबलो तर हात पुन्हा शहाणा होईल माझा.”

डेव्हलपर, मग फिक्सर. आता मागे. चिमट्यातला कागद हवेतच अडला. चहाच्या कपात पाय बुडव म्हटल्यासारखं वाटलं त्यांना. स्वतःलाच एक शिवी हासडून त्यांनी कागद डेव्हलपरमध्ये सोडला.

वार्निशच्या कडेला केसाएवढी काळी रेघ उमटली. पुन्हा फिक्सर, पुन्हा मागे. दुसरी रेघ. तिसरी येता येता डेव्हलपर गढूळला आणि रेघ फिकीच राहिली. एका कोपऱ्यातलं वार्निश तर हललंच नव्हतं.

“मेलं! सांगत होतो ना?” आप्पा ओरडले. “तिचं कसं चालायचं मग?”

“तिचंही मरायचं. तिथेच थांबायची ती.”

आप्पांनी कोपरा खरवडायला नख लावलं. वार्निशमध्ये ब्रशचे ओरखडे तसेच होते, तिच्या हाताचे. त्यांनी नख मागे घेतलं, कागद धुतला आणि दोरीवर टांगला.

“कसं झालंय?” लेकीने विचारलं.

“नासाडी,” आप्पा म्हणाले, आणि कागद पडू नये म्हणून त्यांनी आणखी एक चिमटा लावला.