आधी पूल, मग टेबल

नवरा-बायको एकाच सिनेमात कामाला होते. तो महानायकाचा डुप्लिकेट, म्हणजे उडायचं याने आणि टाळ्या घ्यायच्या दुसऱ्याने. ती शिवणखात्यात, रोज त्याचा फाटका पोशाख शिवायची. सिनेमाची गोष्ट साधी: एक भित्रा कारकून हळूहळू धीट होतो आणि शेवटी कोसळता पूल खांद्यावर पेलतो.

पण सिनेमावाल्यांची रीत उरफाटी. पुलाचा सेट आधी तयार झाला, म्हणून शेवट आधी चित्रित झाला.

नवरा पडला मनाने भाबडा, करील त्या कामासारखाच होऊन जायचा. पहिल्याच दिवशी पूल पेलून आला आणि पोशाखही न उतरवता थोरल्या भावासमोर उभा राहिला.

"दादा, एक तारखेला आम्ही वेगळे राहायला जाणार. दोन खोल्या बघून ठेवल्यात."

बायकोच्या हातातलं ताट पडता पडता राहिलं. दादांचं मोज्यांचं कपाट या दोघांच्या खोलीत होतं, आणि दादा रोज सकाळी सहाला दार न वाजवता आत येऊन निवांतपणे मोजे निवडत. सहा वर्षांत तिच्या तोंडून "हो दादा" यापलीकडे शब्द निघाला नव्हता. त्या दोन खोल्यांसाठी तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मग तिने शूटिंगचं वेळापत्रक पाहिलं. गोष्ट उलट्या पावलांनी चालली होती. आठवड्याभरात नायकाच्या मनात शंका आल्या, आणि नवरा म्हणाला, "खोल्या जरा लांबच आहेत, नाही?" पंधराव्या दिवशी नायकाला जिना चढायची भीती वाटू लागली, नवरा दादांचे मोजे रंगाप्रमाणे लावून ठेवू लागला. ये रे माझ्या मागल्या. आणि कारकून टेबलाखाली लपतो, तो सिनेमाचा पहिला प्रसंग महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी होता.

ती दिग्दर्शकाकडे गेली. "साहेब, त्या दिवशी पूल परत एकदा पाडा ना. थोडासाच."

"बाई, पूल भंगारात गेला," दिग्दर्शक म्हणाले. "आणि तुमच्या घरासाठी मी पूल कुठून आणू?"

एक तारखेला सकाळी टेम्पो दारात उभा राहिला आणि नवरा जेवणाच्या टेबलाखाली गेला. दादा आले. "मग? जाताय की राहताय?"

नवरा टेबलाखाली आणखी आत सरकला.

तिला आधी राग आला, मग रडू आलं. मग वाटलं, आपण तर कुठल्याच प्रसंगात नव्हतो. आपली सहा वर्षं सरळ क्रमाने गेली: आधी भ्यायलो, मग आणखी भ्यायलो, मग भिऊन भिऊन कंटाळा आला. आता पुढचं आपणच करायचं.

"जातोय, दादा," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "तुमचं कपाट तुमच्या खोलीत सरकवलंय. आणि आमच्याकडे याल तेव्हा दार वाजवा."

तिने हमालांना खूण केली. त्यांनी टेबल उचललं, तसा नवराही त्याच्या खालीच रांगत टेम्पोकडे निघाला.

"अगं, ते टेबल माझं आहे," दादा म्हणाले.

"परत पाठवते," ती म्हणाली. "हे बाहेर आले की."