मॉरिस चालू होईना

एस.टी.च्या वर्कशॉपात सावळीराम पगारेचं नाव निघायचं ते पत्र्याच्या कामासाठी. घाटात कठड्याला घासून आलेली बस त्याच्या हवाली केली, की आठ दिवसांनी ती कुठे चेपली होती हे तिच्या ड्रायव्हरलाही सांगता यायचं नाही. त्यामुळे देवळालीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या आवारात खुराडं होऊन पडलेली मॉरिस मायनर पाहिली तेव्हा त्याला गंज दिसलाच नाही, थेट नवी गाडीच दिसली. डॉक्टर म्हणाले, "घेऊन जा बाबा, कोंबड्यांची सोय मी दुसरीकडे करीन." बैलगाडीमागे बांधून त्यानं ती उपनगर कॉलनीत आपल्या घरापुढे आणली. हे एकोणऐंशी सालचं.

पुढची दोन वर्षं एकही सुट्टी घरात गेली नाही. सडलेला पत्रा कापला, नवा जोडला, घासला आणि वर सायीसारखा रंग मारला. कॉलनीतले लोक संध्याकाळी फिरायला म्हणून यायचे आणि गाडीपाशी थांबायचे.

"दिसती तर नवरीवाणी," त्याची बायको चांगुणा म्हणाली. "पण चालंल कधी?"

"इंजिन म्हणजे तरी काय? लोखंडच हाय की."

त्यानं इंजिन खोललं आणि सुटे भाग चांगुणाच्या परातीत मांडले. त्याच रविवारी तिचा धाकटा भाऊ नाथा आला. नाथा द्वारका चौकातल्या स्टँडवरून मुंबईची टॅक्सी चालवायचा आणि तिची दुरुस्तीही स्वतःच करायचा. परात बघून तो म्हणाला, "दाजी, खुणा करून खोला. जोडताना घोटाळा व्हतो."

शेजारची चार माणसं उभी होती. सावळीरामला ते झोंबलं. "टॅक्सीवाल्यानं भाडी मारावी," तो म्हणाला, "मला शिकवू नये."

नाथा चहा न घेता गेला आणि पुन्हा फिरकला नाही.

सावळीरामनं इंजिन जोडलं, गाडी चालू करायचं हँडल पुढून घातलं आणि फिरवलं. गाडी खोकली, कार्बोरेटरमधून भप्पकन जाळ बाहेर आला, सायलेन्सरमध्ये फटाका वाजला आणि सगळं गार. त्या दिवशी हँडल इतक्या वेळा फिरलं की शेवटी ते उलटं येऊन त्याच्या मनगटावर बसलं.

मग सुरू झाली ती नुसती झटापट. त्यानं प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलची नळी बदलली. कार्बोरेटर इतक्यांदा धुतला की त्यातलं पितळ चमकायला लागलं. गाडीचं उत्तर तेच, खोकला आणि फटाका. शेजारची म्हैस त्या आवाजानं दूध चोरायला लागली, तेव्हा शेजारणीनं बोलणं टाकलं. वर्कशॉपात इंजिनाची माणसं होती, पण त्यांना विचारायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी साऱ्या डेपोत बोभाटा.

बुद्धपौर्णिमेला मॉरिसमधून पांडवलेण्यांना जायचं, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गेले ते बसनं. उभ्यानं जाताना कुणीतरी विचारलं, "पगारे, गाडी कुठं लावली?" तो खिडकीबाहेर बघत राहिला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका सकाळी हँडल मारून मारून त्याच्या तोंडाला फेस आला. गाडी एकदा खोकली, आणि त्यानं जवळची हातोडी उचलून बॉनेटवर घातली. स्वतःच्या हातानं घडवलेल्या पत्र्याला वाटीएवढा खड्डा पडला. तो तिथंच मटकन बसला. चांगुणा दारातून बघत होती. तिनं पायात चपला घातल्या आणि बस स्टॉपकडे गेली.

तासाभरानं ती परत आली ती नाथाच्या टॅक्सीतून.

"जयभीम, दाजी," नाथा म्हणाला. सावळीरामनं नुसती मान हलवली. नाथानं पहिला प्लग काढला, त्या भोकावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "हँडल फिरवा. सावकाश." मध्येच त्यानं थांबवलं. चारही प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आत पाहिलं, प्लग परत बसवला. मग झाकणावरच्या पहिल्या आणि चौथ्या वायरीची अदलाबदल केली, दुसऱ्या आणि तिसऱ्या वायरीची केली.

"मारा आता."

अर्ध्या फेऱ्यातच गाडी चालू झाली. शिवणाच्या मशीनसारखी टकटक चालत राहिली. लोक धावत आले, चांगुणा मागच्या सीटवर जाऊन बसली. सावळीरामला मात्र आनंद असा झालाच नाही. अकरा महिने! ठेचलेलं मनगट, फुकट गेलेले प्लग, शेजारणीचा अबोला, आणि सगळं चार वायरींपायी. रडावं की कुणाला तरी फोडून काढावं, हे त्याला कळेना. तो नळापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मग तो परत आला, गाडी बंद केली आणि वायरी ओढून पूर्वीसारख्या लावल्या.

"दाजी, हे काय?"

"आता मला दाखव. तुझ्या अंगठ्याला काय कळलं ते."

नाथानं प्लग काढून त्याचा अंगठा भोकावर ठेवला आणि स्वतः हँडल धरलं. पहिल्या फेरीला काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या फेरीला आतल्या हवेनं अंगठा उडवून लावला.

"ह्यो दाब," नाथा म्हणाला. "पिस्टन दोनदा वर येतो, पण ठिणगी पडायची ती ह्या टायमाला. तुमची त्या रिकाम्या टायमाला पडत व्हती."

सावळीरामनं पुन्हा अंगठा ठेवला, पुन्हा फिरवायला सांगितलं. मग वायरी स्वतः लावल्या. एक जोडी चुकली, गाडी खोकली. नाथानं हात पाठीमागे बांधले. सावळीरामनं दातओठ खात ती जोडी बदलली आणि मॉरिस चालू झाली.

"तू चालव," तो नाथाला म्हणाला आणि शेजारी बसला. नासर्डीच्या पुलाच्या अलीकडे बॉनेटखालून वाफ यायला लागली. सावळीरामनं कपाळावर हात मारला, दोन शिव्या हासडल्या. मग नाथाकडे वळून म्हणाला, "हे कशानं व्हतंय?"