न बोलावलेल्यांचा पहारेकरी

मी फाटकावरचा पहारेकरी बोलतोय. आवाज शेंबडा वाटेल, त्याला माझा इलाज नाही. तो माझ्या मालकाचा, तिहोमिरचा आहे. ज्या दिवशी त्याने तो माझ्यात भरला, त्या दिवशी त्याला पडसं झालं होतं. चार दिवस थांबावं, एवढीही अक्कल त्या संशोधकाला नव्हती.

माझा जन्म आरिल्येजवळच्या एका गावात, रास्पबेरीच्या मळ्याला लागून असलेल्या गोठ्यात झाला. डोळा जुन्या ट्रॅक्टरच्या दिव्याचा, मेंदू मोडक्या वॉशिंग मशीनचा. माझ्या हाताखाली आणखी दोन यंत्रमानव, औषध फवारायच्या गाड्यांपासून केलेले. गारपिटीसाठी मळ्यावर बांधतात ती जाळी त्यांनी माणसावर फेकायची, एवढंच काम. दोघंही ठार मूर्ख, पण नेम अचूक.

आता राखायचं काय होतं, ते ऐका. तिहोमिरने रास्पबेरी तोडायचं एक यंत्र केलं होतं. ते फळं कमी आणि पानंच जास्त तोडायचं. भंगारवाल्याने ते फुकटसुद्धा नेलं नसतं. पण सारं गाव ते चोरायला टपलंय, अशी तिहोमिरची खात्री.

सात वर्षांपूर्वी खानावळीत, चारचौघांत, त्याचा थोरला भाऊ ओब्राद त्या यंत्राला पोट धरून हसला. म्हणाला, "अरे, याच्यापेक्षा बोकड पाळ! तो पानं खातो आणि वर दूधवाल्या शेळ्याही देतो!" तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. घरं हाकेच्या अंतरावर, पण हाक कोणी मारायची, यावर सात वर्षं गेली. माणसांना वेळ फार असतो, असं माझं मत झालं आहे.

मला दिलेला नियम सोपा होता. मालकाने नाव घेऊन बोलावलेला माणूस आत सोडायचा, बाकीचे जाळ्यात. तीन महिन्यांत मी पोस्टमनला दोनदा पकडलं, शेजाऱ्याचा टर्की पकडला आणि पिठाचं पोतं घेऊन आलेल्या स्तामेनालाही पकडलं. स्तामेना म्हणजे मालकाची बायको. स्वतःच्या बायकोला काय बोलवायचं, म्हणून या शहाण्याने तिचं नावच घातलं नव्हतं. स्वतःचंही नाही. तो आपला मला बिचकून मागच्या कुंपणावरून उड्या मारत ये-जा करायचा.

मग नोव्हेंबरात ज्युर्जिचचा सण आला. हा त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस, स्लावा. बापाचं घर धाकट्याकडे, म्हणून स्लावाही त्याच्याकडे. आणि स्लावाला कोणालाही बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो आपणहून येतो. आमंत्रण दिलं तर घराची अब्रू जाते.

सकाळीच स्तामेना सारम्याचं, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं, पातेलं आपटत म्हणाली, "ते फाटकावरचं भूत बंद कर."

"बंद व्हायला चोवीस तास लागतात. चोराने धमकावून बंद करायला लावलं तर? म्हणून मुद्दाम तसं केलंय."

"मग काल का नाही सांगितलंस त्याला?"

"काल डोक्यात आलं नाही."

"बरं, मग लोकांची नावं तरी घाल."

"स्लावाला बोलवायचं? यंत्राच्या कानात का होईना, मी नाही असलं करणार!"

तेव्हा तिने पातेलं खाली ठेवलं. "तिहोमिर, आपले पाद्री, पोप गावरिलो, यांनी ओब्रादला राजी केलंय. तो आज येणार आहे. आज माघारी गेला, तर पुन्हा या दारात येणार नाही."

तिहोमिरचा चेहरा पांढराफटक पडला. मला मात्र काम मिळाल्याचा आनंद झाला.

दुपारपर्यंत अंगणात अकरा जण जाळ्यात होते. पहिले पोपच. स्तामेनाने कात्रीने त्यांना सोडवलं, कारण सणाच्या भाकरीवर प्रार्थना म्हणायला माणूस हवा होता. बाकीचे तिथेच बसून जाळीच्या भोकांतून रकियाचे पेले आत ओढत होते. कोणी घरी जाईना. फुकटची दारू असली की यांना कैदही चालते!

आणि ओब्राद आला. नवा कोट, काखेत बाटली. मी नियमाप्रमाणे बोललो, "तुला बोलावलेलं नाही. चालू लाग."

आवाज तिहोमिरचा होता. ओब्राद जागच्या जागी थांबला, बाटली खांबाशी ठेवली आणि वळून चालू लागला.

तिहोमिर कुंपणावरून उडी मारून, चिखलात पडत, त्याच्यामागे धावला. "दादा! ते यंत्र बोललं, मी नाही!"

"आवाज तुझाच होता."

"बरं, मग मी बोलावतो तुला. घेतो नाव."

"खबरदार! बापाच्या स्लावाला मला आमंत्रण? मी काय परका आहे?"

"मग मागच्या कुंपणावरून चल."

"बापाच्या घरात चोरासारखा शिरू?"

मग तिहोमिरला एक युक्ती सुचली. एरवी त्याला सुचलेलं कधी धड नसतं. त्याने भावाची बाही धरली. "दादा, मलाही कोणी बोलावलेलं नाही. चल, दोघं बरोबरच जाऊ." आणि त्याला ओढत तो माझ्या डोळ्यादेखत फाटकातून आत शिरला. मी हुकूम सोडला. एकाच जाळीत दोघं, नाकाला नाक लावून, आडवे.

पोप ओरडले, "अरे, आज यजमानाने दिवसभर उभं राहायचं असतं!"

"पडू दे त्यांना तसेच," स्तामेना म्हणाली. "यांचं मिटेपर्यंत मी कात्री आणत नाही."

 ओब्रादने जाळी ओढून पाहिली, लाथ मारून पाहिली. मग म्हणाला, "तिहोमिर."

"काय?"

"हे यंत्र मात्र चालतं रे."

माझा मालक रडू लागला. त्याच शेंबड्या आवाजात, ढसाढसा. सात वर्षं त्याला एवढंच ऐकायचं होतं. ओब्रादही रडला, जाळीतले दहा जणही रडले. स्तामेनाने कात्री आणली आणि सगळे आत जेवायला गेले. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. शाबासकी मिळाली ती माझ्या कामाला, पण घेऊन गेला तो.

दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही गडी मोडून त्यांच्या पुन्हा फवारणीच्या गाड्या केल्या. फाटक बिजागरीसकट काढलं. मी मात्र खांबावर तसाच आहे, कारण आवाजाची तार कोणती ते तिहोमिरला आठवत नाही. दिवसभर माणसं येतात. मी म्हणतो, "थांब! तुला बोलावलेलं नाही!" ओब्राद तर रोज येतो आणि जाताना माझ्या दिव्यावर टिचकी मारतो.

मला या लोकांचा तिटकारा आहे, हे लपवून काय उपयोग? पण तुम्ही कधी या वाटेने आलात आणि मी "थांब" म्हटलं, तर क्षणभर थांबा. मग खुशाल आत जा, मी काही करू शकत नाही. फक्त थांबा.