प्रात्यक्षिकाला मूल पाहिजे

बाकीच्या शाळांनी दारातूनच वाटेला लावलेल्या मुलांना बाई एकोणीस वर्षं शिकवत होती. कुणी बोलत नसे, कुणी बसत नसे, एक जण घंटा वाजली की टेबलाखाली शिरे. आणि आता नियम निघाला, की विशेष मुलांच्या शिक्षकाकडे पदविका हवीच. बरं बुवा. पंचेचाळिसाव्या वर्षी बाईने पुस्तकं डोक्यात कोंबली, लेखी परीक्षा दिली, पास झाली. उरली प्रात्यक्षिकाची, म्हणजे परीक्षकासमोर एका मुलाला शिकवून दाखवण्याची, सही. आज पाचच्या आत ती मिळाली नाही, तर सोमवारपासून तिचा वर्ग एका पदविकावाल्या तरुणाकडे जाणार होता. तो वर्ग बघायला आला तेव्हा एका पोराने त्याचा टाय चावला होता. त्यानंतर तो जिन्यातून वर यायलाच तयार नव्हता.

“मूल कुठाय?” परीक्षेच्या कचेरीतल्या साहेबाने फॉर्मवरची नजर न उचलता विचारलं.

“मुलांना आत सोडत नाहीत. खाली पाटी आहे.”

“ती पाटी मीच लावलीय.”

“मग तुम्ही शाळेत चला.”

“परीक्षा याच खोलीत. नियम सात.”

नियम सात लिहिणाऱ्याला एक दिवस बाईच्या वर्गात कोंडायला हवं होतं, मधल्या सुट्टीशिवाय.

सामानाची पिशवी धरून नणंद मागे उभी होती. ती पुढे सरसावली. “मी बसते मूल म्हणून. घरी सगळे म्हणतातच, हिचं पोरपण काही जात नाही.”

“तुम्ही कोण यांच्या?”

“नणंद.”

“नातेवाईक चालत नाही. नियम नऊ. म्हणजे नापास.” असं म्हणून साहेबाने पेनासाठी हात लांबवला.

पेन नव्हतं. हिरवं पेन, डाव्या हाताच्या पेल्यातलं. पेलाही नव्हता. कुणीतरी सकाळी टेबल आवरलं होतं.

“माझं टेबल कुणी आवरलं?” साहेबाचा आवाज चढला. त्याने एक खण ओढला, दुसरा ओढला, तिसरा पायावर पाडला. “माझं पेन! त्या जागेवरचं!”

“माझं घ्या,” नणंद म्हणाली.

“ते निळं आहे!” साहेब जवळजवळ रडकुंडीला आला आणि खुर्चीतल्या खुर्चीत डुलायला लागला.

बाई उठली. नणंदेने तिचा पदर ओढला. “वहिनी, वेडी की काय तू? पेन सापडलं की तुलाच नापास करेल तो!”

पण एकोणीस वर्षांची सवय. बाई साहेबाच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली. टेबलावरचं सगळं हळूच बाजूला सारलं. पिशवीतून वाळूचं घड्याळ आणि बिस्किटांचा पुडा काढला, दोन चित्रं काढली आणि पट्टीवर चिकटवली. आधी: खण. मग: बिस्किट.

“जागा बदलली की त्रास होतो,” ती हळू आवाजात म्हणाली. “माहीत आहे मला. एका वेळी एकच खण. वाळू संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही.”

साहेब डुलायचा थांबला. पहिला खण बघितला. मग दुसरा. पायाशी पडलेल्या तिसऱ्यात, चष्म्याच्या डबीत, हिरवं पेन.

“स्वतः शोधलंत,” बाई म्हणाली आणि चांदणीचं स्टिकर काढलं. साहेबाने मनगट पुढे केलं.

तो चांदणी निरखत होता तेवढ्यात बाईने फॉर्म ओढून घेतला आणि नणंदेच्या निळ्या पेनाने रकाने भरले. मग समोर ठेवला.

साहेब मोठ्याने वाचू लागला. “विद्यार्थी: हजर. वय: अंदाजे चोपन्न. नातेवाईक: नाही. अडचण: वस्तूची जागा बदलली की अस्वस्थ होतो. पद्धत: एका वेळी एकच खण. प्रगती...” त्याचे कान लाल झाले. “प्रगती: तिसऱ्या खणात पेन स्वतः शोधलं.”

नणंदेने पिशवीत तोंड खुपसलं. पिशवी हलत होती.

“हे... हे नियमात...” साहेबाने नियमांची वही चाळली. सात बघितला, नऊ बघितला. खोली हीच. नातं नाही. रकाना एकही रिकामा नाही.

“रागावलात?” बाईने विचारलं.

“हो.”

“चालेल. रागावून घ्या.” तिने घड्याळ उलटं केलं.

वाळू सरत गेली. ती संपायच्या आत साहेबाने हिरव्या पेनाने सही ठोकली आणि बिस्किटाकडे हात नेला.

बाईने पुड्यावर तळहात ठेवला.

“आधी शिक्का.”

साहेबाने शिक्का मारला.