शोभनाचे वजन

"हा तिसरा मग पिवळा झाला," नागेश म्हणाला. सिंकजवळ उभा राहून तो मग दिव्याकडे धरून बघत होता. गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात त्याची वीस वर्षे गेली होती. मगाकडेही तो त्याच नजरेने बघे. "शोभना, हळद अंगाला लावतात. पोटात किती घालशील?"

"लग्नात अंगाला लावली ती तुमच्यासाठीच होती, आणि हीही तुमच्यासाठीच आहे. द्या इकडे तो मग."

तिने गरम पाण्यात चमचाभर हळद ढवळली, वर मिरपूड भुरभुरली आणि उभ्याउभ्याच ते पिऊन टाकले. तोंड वाकडे केले नाही. मग कोट अंगात चढवून ती बेकरीच्या कामाला निघाली. जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधली मार्चची सकाळ अजून उजाडायची होती.

आदल्या दिवाळीपासून नागेश डायलिसिसवर होता. रक्तदाब अंगावर काढता काढता दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस मशीनला जोडून घ्यायचे, घरी येऊन मेल्यासारखे झोपायचे आणि उरलेल्या दिवसांत कंपनीत अर्धा दिवस काम करायचे, असे चालले होते. दुसऱ्याची किडनी मिळण्याच्या यादीत त्याचे नाव होते, पण ती यादी वर्षानुवर्षांची. शोभनाने कोणाला न विचारता स्वतःचे रक्त तपासून घेतले. जुळत होते. म्युनिकच्या क्लिनिकमधल्या फ्राउ डॉक्टर लिंडनर तिला सरळच म्हणाल्या होत्या, "तुमची किडनी उत्तम आहे. तुमचं वजन मात्र नाही. एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

पन्नाशीपर्यंत शोभनाने स्वतःच्या वजनाचा फारसा विचार केला नव्हता. लग्न होऊन सांगलीहून इथे आली, ती नवऱ्याच्या मागोमाग आली. घर त्याने शोधले, गाडी त्याने घेतली, सुकन्याची शाळाही त्यानेच ठरवली. तिने स्वयंपाक केला, आणि मुलगी मोठी झाल्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरला उभी राहू लागली. उरलेले ब्रेझेल, म्हणजे वेटोळे घातलेले खारे पाव, संध्याकाळी घरी येत, आणि टाकवत नाहीत म्हणून तीच ते खाई.

हळदीचा सल्ला दिला तो सांगलीच्या लतावन्सांनी. नागेशची ही थोरली बहीण. त्यांच्या सासरी हळदीची अडत. "तुमच्या तिकडच्या डबीतल्या हळदीला ना वास ना रंग," त्या फोनवर म्हणाल्या. "मी राजापुरी पाठवते. अनशापोटी घ्यायची, गरम पाण्यातनं. आमच्या शेजारची मोहिते बघता बघता निम्मी झाली बघ. चरबी जाळती हळद." पुण्याहून कंपनीत रुजू व्हायला निघालेल्या एका इंजिनिअरच्या बॅगेतून हळद आली. पुडा फोडल्यावर स्वयंपाकघरभर जो वास सुटला, त्याने शोभनाचा अर्धा विश्वास तिथेच बसला.

नागेशचा विरोध हळदीला नव्हताच. एका रविवारी जेवताना त्याने ते बोलून दाखवले.

"चालू मशीनचा पार्ट काढून बंद मशीनला लावत नाहीत. कोणी शिकाऊ पोरगाही नाही लावणार."

"दोन आहेत ना मला? एक स्टेपनी आहे."

"आणि उद्या तुला लागली तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"मी सही करणार नाही, शोभना."

"नका करू. मी वजन तर कमी करते. त्याला तुमची सही लागत नाही."

सुकन्याने आईकडे चमकून पाहिले. तिच्या एकोणीस वर्षांत या घरात बाबांच्या बोलण्यावर पुढे कोणी बोलल्याचे तिने ऐकले नव्हते.

शोभना चालू लागली. दवाखान्यात नागेश मशीनला असे तेव्हा ती आधी शेजारी विणकाम घेऊन बसायची. आता त्याला पांघरूण घालून ती बाहेर पडे आणि डोनाउ नदीच्या काठाने पूल ओलांडून, पलीकडच्या काठाने परत येई. पहिले काही दिवस पोटऱ्या गोळ्यासारख्या झाल्या. बेकरीतून ब्रेझेलच्या टोपल्या तिने घरी न्यायच्या बंद केल्या. "नवीन धर्म घेतलास काय?" बरोबरच्या फ्राउ क्राइटमायरने विचारले. शोभनाने तिला हळदीबद्दल सांगितले. क्राइटमायरबाईंनी विचार करून मान हलवली. "माझी आजी कोबीचा रस प्यायची," त्या म्हणाल्या. "गेली तेव्हा चांगली जाडजूड होती."

काटा उतरू लागला. दर आठवड्याला थोडा, पण उतरत होता, आणि दर वेळी शोभना मनातल्या मनात राजापुरीला हात जोडत होती. मे महिन्यात तो अडला. तीन आठवडे जागचा हलला नाही. तिने चमच्याचे दोन चमचे केले. मग गावातल्या रेफॉर्महाउसच्या काचेत, जिथे आरोग्याच्या पुड्या नि गोळ्या विकायला असतात, तिथे तिला हळदीच्या कॅप्सूल दिसल्या. एका कॅप्सूलमध्ये किती हळदीचा अर्क आहे ते बाटलीवर लिहिले होते. आकडा मोठा होता, त्यामुळे तिला बरे वाटले. बाटलीवर एक घ्या म्हटले होते. ती तीन घेऊ लागली, वर सकाळचे पाणी होतेच. घरात कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे असेही तिला वाटले नाही. हळदच तर होती.

जूनमध्ये फुटबॉलच्या विश्वचषकामुळे गाड्यागाड्यांवर झेंडे फडफडत होते, तेव्हा तपासणीसाठी ती आणि सुकन्या म्युनिकला गेल्या. काट्याने दिलेला आकडा पाहून फ्राउ डॉक्टर लिंडनर खुश झाल्या. मग रक्ताचा अहवाल उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले.

"तुम्ही दारू घेता?"

शोभनाला हसू येता येता राहिले. "नाही."

"काही औषधं?"

"नाही."

"तुमच्या लिव्हरचे आकडे बरेच वाढलेत. कारण कळेपर्यंत मला सगळं थांबवावं लागेल. सॉरी, फ्राउ देवधर. कदाचित तुम्ही दाता होऊच शकणार नाही."

परतीच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. डब्यात तोंडाला रंग फासलेली पोरे गात होती. सुकन्या एरवी आईच्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आज ती एकेक मराठी शब्द शोधत बोलली.

"आई, त्या बाथरूममधल्या काप्सेल्न कसल्या?"

"त्या होय? हळदीच्या आहेत."

"तू डॉक्टरला सांगितलं नाहीस."

"अगं, हळद काय औषध आहे? रोज भाजीत घालतो आपण."

"आल्झो... हे बघ, आई. तू ती बारीक होण्यासाठी घेतेस. म्हणजे तुझ्यासाठी औषधच ना?"

शोभना खिडकीकडे वळली. बाहेर बिअरच्या हॉप्सचे मळे मागे पळत होते, उंच काठ्यांवर चढलेले हिरवे वेल. नवऱ्याला द्यायला म्हणून जे शरीर ती तीन महिने घासून पुसून तयार करत होती, ते तिने आपल्याच हाताने नासवले होते. तिला रडावेसे वाटत होते. पण समोर मुलगी होती आणि आजूबाजूला गाणारी पोरे. तिने पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी बेकरीतल्या सुट्टीत मागच्या खोलीत जाऊन तिने क्लिनिकला स्वतः फोन लावला. अशी कामे नागेशची असत. अधिकाऱ्यांशी, डॉक्टरांशी जर्मन तोच बोले. तिने मोडक्या वाक्यांत सगळे सांगितले. चमचे, कॅप्सूल, बाटलीवर काय लिहिले होते आणि आपण किती घेतल्या.

"त्यानंच झालं असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण होऊ शकतं. आजपासून सगळं बंद. ऑगस्टमध्ये पुन्हा रक्त बघू."

"भाजीतली चालेल?"

"भाजीतली चालेल, फ्राउ देवधर."

लतावन्सांना सांगणे जास्त अवघड गेले. "आमच्या हळदीनं झालं म्हणतेस?" तिकडून दुखावलेला आवाज आला.

"तुमच्या हळदीचा दोष नाही, वन्सं. मी पसापसा खाल्ली. औषध म्हणून घ्यायची तर डॉक्टरांना सांगायला हवं होतं."

"मोहितेला काई झालं नव्हतं गं."

"मोहितेबाईंना किडनी द्यायची नव्हती."

लतावन्सांनी हळू आवाजात विचारले, "नागू जेवतो का नीट?"

हळद सुटली आणि शोभनाला भीती बसली. आता वजन पुन्हा चढणार. सकाळी सवयीने हात हळदीच्या डब्याकडे जाई; ती तो मागे घेई आणि बूट घाली. पाऊस असला तरी निघे. डोनाउचा काठ तिला पाठ झाला. वल्ही मारणाऱ्यांची बोटहाउस, कुत्र्यांना घेऊन येणारे म्हातारे, जे आता तिला पाहून टोपीला हात लावत. आठवड्याने ती काट्यावर उभी राहिली तेव्हा काटा खाली सरकला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यातही सरकला. म्हणजे आजवर जे उतरले ते तिने पायांनी आणि पोटाला चिमटा घेऊन उतरवले होते, आणि श्रेय डब्याला देत आली होती. हे लक्षात आल्यावर आनंद व्हायला हवा होता. तिला स्वतःचा थोडा रागच आला.

जुलैच्या शेवटी एकदा ती चालून परतली तेव्हा पाऊस कोसळत होता. नागेशचे मशीन नुकतेच सुटले होते. पायात गोळे आल्याने तो पलंगाच्या कडेला दात आवळून बसला होता. शोभना ओल्या बुटांनीच खाली बसली आणि त्याची पोटरी चोळू लागली. केसांतले पाणी जमिनीवर ठिबकत होते.

तो वरून तिच्याकडे बघत राहिला. तिची मान बारीक झाली होती. मंगळसूत्र सैल लोंबत होते.

"तू ऐकणार नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"कधीपासून झालीस अशी?"

"मार्चपासून. पाय सरळ करा."

त्याने पाय सरळ केला. गोळा उतरल्यावर म्हणाला, "ऑगस्टमध्ये मी येतो तुझ्याबरोबर. रिपोर्ट मला नीट वाचता येतात."

ऑगस्टमध्ये आकडे खाली आले होते. सप्टेंबरमध्ये आणखी खाली. फ्राउ डॉक्टर लिंडनरनी पुन्हा सगळ्या तपासण्या लावल्या आणि ऑक्टोबरात शोभनाला त्या समितीसमोर जावे लागले, जी जिवंत दात्याला विचारते की बाई, तू हे स्वखुशीने करते आहेस ना. समितीत एक डॉक्टर होते, एक वकील आणि एक मानसशास्त्रज्ञ बाई. सुकन्याने आईकडून चार वाक्ये घोटून घेतली होती. त्यांत प्रेम होते, बावीस वर्षांचा संसार होता आणि शेवटी आभार होते.

"तुमच्या नवऱ्याने तुमच्याकडे किडनी मागितली का?" वकिलांनी विचारले.

"नाही. तो नको म्हणत होता. खूप महिने नको म्हणत होता."

"मग घरच्या दुसऱ्या कोणी?"

"कोणी नाही."

"तुमच्या समाजात बायकोकडून अशी अपेक्षा असते का?" मानसशास्त्रज्ञ बाईंनी मृदू आवाजात विचारले.

शोभनाने घोटलेली वाक्ये आठवून पाहिली. एकही आठवेना. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"माझ्याकडून सगळ्यांना जेवणाची अपेक्षा असते," ती जर्मनमध्ये म्हणाली. "याची कोणाला नव्हती. हे मी ठरवलं. बावीस वर्षं तो बोलला आणि मी ऐकलं. आता कुठे मी त्याच्याशी भांडायला लागलेय. इतक्यात त्याला जाऊ देणार नाही."

वकिलांनी बाईंकडे पाहिले. बाई काहीतरी लिहीत होत्या. त्यांचे लिहिणे थांबले. "गेनाऊ," अगदी बरोबर, असे त्या म्हणाल्या आणि आणखी काही विचारले नाही.

शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये झाली. शोभनाला जाग आली ती कमरेला आग लागल्यासारखी. पहिला दिवस तिला नीटसा आठवत नाही. सुकन्या येऊन कानाशी "बाबांची चालू झाली" म्हणून गेली, एवढे आठवते.

तिसऱ्या दिवशी नर्सने चाकांची खुर्ची आणली. नागेशची खोली दुसऱ्या टोकाला होती. शोभनाने खुर्चीकडे पाहिले, आणि सलाइनच्या स्टँडला धरून उभी राहिली. घाम फुटला. एका हाताने टाके धरत, भिंतीला टेकत, मध्येच थांबत ती निघाली. नर्स रिकामी खुर्ची ढकलत मागे येत राहिली.

नागेश उशीला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला होता, पण त्यावरची कितीतरी महिन्यांची राख उडून गेली होती. शोभना खुर्चीत टेकली.

त्याच्या खोलीतल्या नर्सने पाण्याचा भरलेला जग आणून ठेवला. "हे सगळं प्यायचं, हेर देवधर. दुपारी दुसरा आणते."

तो जगाकडे बघत राहिला. गेले वर्षभर त्याला दिवसाला जेमतेम दोन-तीन पेले पाणी मिळे, औषधाच्या गोळ्यांसकट. उन्हाळ्यात बर्फाचा खडा जिभेवर ठेवून तो दुपार काढत असे. त्याने पेला भरला. तोंडाशी नेला आणि थांबला. परवानगी मागावी तसे त्याने शोभनाकडे पाहिले.

शोभनाने मान वळवली आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. मागे तो घोट घोट पीत होता, आणि पेला रिकामा होऊन पुन्हा भरल्याचा आवाज येईपर्यंत तिने वळून पाहिले नाही.