राघोला लस लागू पडली नाही

डॉक्टर नीला प्रधान यांनी आधी रंभाला सांगितलं, "तुझ्या रक्तात भरपूर संरक्षण तयार झालंय. ही कावीळ आता तुला होणार नाही." मग तिच्या भावाकडे बघून त्या जरा थांबल्या. "राघो, तुझ्यात काहीच तयार झालेलं नाही."

राघो हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करतायत.

कोपरच्या खाडीवर मासे धरणारं त्यांचं घर. बाप दामाजी होडी घेऊन जायचा, आई मनुबाई आणि रंभा डोंबिवलीच्या बाजारात कोळंबी, चिंबोऱ्या विकायच्या. थोरला राघो आधी गर्द ओढायचा, मग सुई घ्यायला लागला. शहाण्णव साली त्याच्याच टोळीतला धाकू काविळीने गेला. शेवटी धाकूला आई ओळखू येत नव्हती. ते बघून राघो हादरला आणि आपल्या पायांनी ठाण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन राहिला.

तिथे डॉक्टरबाईंनी सांगितलं की धाकूची कावीळ पाण्यातून आली नव्हती, दुसऱ्याच्या सुईतून आली होती, आणि तिला लस असते. राघोचं रक्त तपासलं तर रोग नव्हता. घरी परतल्यावरही सहा महिन्यांत तीन इंजेक्शनं घ्यायला केंद्रात जायचं होतं. तो एकटा जाईल यावर मनुबाईचा भरवसा नव्हता, म्हणून रंभा सोबत जायची. बाई म्हणाल्या, एका घरात राहता, तूही घे. दोघांनी तिन्ही वेळा शेजारी बसून, एकाच नर्सकडून लस टोचून घेतली होती.

म्हणूनच आता रंभाचा संताप झाला.

"दादा, तू परत सुरू केलंस ना? म्हणून लागली नाय तुला लस."

"थांब," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं बोलू नकोस. सुई घेणाऱ्या बऱ्याच जणांना ही लस लागू पडते. पण इतरांच्या मानाने कमी जणांना. शरीर खंगलेलं असतं, आणखी काही कारणं असतील, आम्हालाही सगळं कळलेलं नाही. यात त्याचा दोष नाही. आपण त्याला पुन्हा देऊ, जास्त मात्रेत."

रंभा ओशाळली. राघोच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं होतं. तो स्वतःच्या दंडाकडे बघत होता.

"बाई, लसीची दोन इंजेक्शनं झाल्यावर मी परत घेतलेलं," तो म्हणाला. "दोनदाच. आमच्या टोळीतल्या चांगदेवच्या सुईने."

डॉक्टरबाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"मला वाटलं, लस झालीय. आता कोणाची पण सुई चालंल."

लस घ्यायला रंभा त्याला हाताला धरून आणत होती. तीच लस त्याने चिलखतासारखी अंगावर चढवली होती, आणि आत काहीच नव्हतं. डॉक्टरबाईंचाही चेहरा उतरला. "मी सांगायला हवं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लागू पडली असती तरी ती एकाच रोगाला अडवते, राघो. सुईतून येणाऱ्या बाकीच्या रोगांना लसच नाही."

त्यांनी लगेच त्याचं रक्त घेतलं, सगळ्याच तपासण्यांसाठी.

निकाल येईपर्यंत राघो होडीवर गेला नाही. मनुबाईने त्याचं ताट वेगळं ठेवलं, तेव्हा रंभाने ते उचलून आपल्या ताटाला लावलं. "जेवणातून येत नाय तो रोग, आये," ती म्हणाली. मनुबाई पदर तोंडाला लावून चुलीपाशी बसून राहिली.

राघोचं रक्त स्वच्छ निघालं. कोणताच रोग लागला नव्हता. "का वाचलास ते मला सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

राघो तिथून थेट चांगदेवच्या घरी गेला. चांगदेव खाटेवर पडलेला होता. अंगात कसकस होती आणि डोळे पिवळे पडले होते. राघो उंबऱ्यातच खाली बसला. याचीच सुई त्याने दोनदा आपल्या शिरेत घातली होती.

दुसऱ्या दिवशी तो चांगदेवला रिक्षात घालून ठाण्याला घेऊन गेला. चांगदेवला तीच कावीळ निघाली. त्याच्यासाठी लसीची वेळ निघून गेली होती. त्याच्या बायकोचं, सरस्वतीचं, रक्त चांगलं निघालं. तिला त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन दिलं. चांगदेव वाचला, पण रोग त्याच्या अंगात कायमचा राहिला.

राघोने तिन्ही इंजेक्शनं पुन्हा घेतली. या वेळी रंभाला सोबत जावं लागलं नाही. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टरबाई म्हणाल्या, "आलंय संरक्षण. तुझ्या बहिणीइतकं नाही, पण पुरेसं आहे."

राघोने मान हलवली. "म्हणजे बाकीच्या रोगांना अजून लस नायच ना?"

"नाहीच."

"बरं," तो म्हणाला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सरस्वतीला हाक मारायला गेला. आज तिचं शेवटचं इंजेक्शन होतं.